न चिरता उघडलेला देह : सीटी स्कॅन, शवविच्छेदन आणि आपण

घरात अपघाती किंवा अचानक मृत्यू झाला की मुस्लीम कुटुंबात दोन काळज्या एकाच वेळी सुरू होतात. माणूस गेल्याचे दुःख असतेच. त्याच्या जोडीला ‘पीएम’ची धास्ती असते. मय्यत कधी ताब्यात मिळेल, असरच्या आत दफन होईल का, टाके घातलेल्या देहाला गुस्ल कसे द्यायचे, बाईची मय्यत असेल तर आत कोण असेल, हे प्रश्न कुजबुजत विचारले जातात. शवागाराबाहेर अशी वाट पाहत मीही बसलो आहे. नातेवाईक ओळखीच्या हवालदाराला, नगरसेवकाला फोन लावत असतात आणि मागणी बहुधा एकच असते : काहीही करा, पण चिरफाड टाळा.

ही मागणी अडाणीपणाची आहे, असे म्हणून तिला झटकणारे पुष्कळ आहेत. ही श्रद्धेची बाब आहे, तिच्यावर चर्चाच नको, असे म्हणणारेही तितकेच आहेत. इतिहास मात्र या दोन्ही बाजूंना सोयीचा नाही. म्हणून या लेखात मला सीटी स्कॅनचा इतिहास सांगायचा आहे. हे यंत्र जिवंत माणसाच्या डोक्यात, कवटी न उघडता पाहण्यासाठी बनले. पुढे ते शवागारात पोहोचले, आणि ब्रिटनमध्ये तिथपर्यंत नेण्यात ज्यू आणि मुस्लीम कुटुंबांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. आपल्या जिल्हा रुग्णालयांसाठीही या इतिहासात शिकण्यासारखे आहे.

देहाचा मान आणि देहाचे ज्ञान

मृत शरीराला इजा करणे हे जिवंत माणसाला इजा करण्याइतकेच गैर आहे, अशा आशयाची हदीस आपल्याकडे सर्वपरिचित आहे. दफन लवकर करावे, देह झाकलेला असावा, गुस्ल देणाऱ्याने जे पाहिले ते बाहेर बोलू नये, हे सारे त्याच भावनेतून आले. मय्यत म्हणजे वस्तू नव्हे, तिचा मान आहे, हे त्यामागचे तत्त्व.

पण याच परंपरेत देहाचे ज्ञान मिळवण्याची ओढही होती. इसवी सन १२०० नंतर इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. बगदादहून आलेले हकीम अब्दुल लतीफ त्या वेळी कैरोत होते. अल-मक्स या ठिकाणी हाडांचे ढीग पडले आहेत, असे कळल्यावर ते तिथे गेले आणि सांगाडे तपासू लागले. ग्रीक वैद्य गॅलनने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे लिहून ठेवले होते आणि शतकानुशतके तेच शिकवले जात होते. अब्दुल लतीफ यांनी असंख्य जबडे पाहिले. प्रत्येक जबडा एकाच हाडाचा निघाला. गॅलन कितीही थोर असला तरी डोळ्यांनी पाहिलेले त्याच्या शब्दापेक्षा खात्रीचे, असा निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला.

पुढे तेराव्या शतकातच इब्न अल-नफीस यांनी हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातून डावीकडे जात नाही, ते फुप्फुसांतून फिरून जाते, हे मांडले. हेही गॅलनच्या विरोधात होते आणि बरोबर होते. मात्र शरियत आणि मनातली करुणा यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असे त्यांनीच नोंदवले आहे. एका बाजूला अचूक ज्ञान, दुसऱ्या बाजूला देहाचा मान, हा ताण एकाच माणसात दिसतो. त्यांचा हा शोध युरोपच्या वैद्यकाच्या इतिहासकारांना कळला तो १९२४ मध्ये, मुहयिद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधले हस्तलिखित अभ्यासल्यावर.

मुहम्मद अली पाशांनी १८२७ मध्ये कैरोजवळ अबू झाबल येथे आधुनिक वैद्यकीय विद्यालय सुरू केले, तेव्हा त्याचे फ्रेंच प्रमुख क्लोत बे यांच्यावर विच्छेदनाच्या तासालाच एका विद्यार्थ्याने हल्ला केला होता. तरीही ते शिक्षण थांबले नाही. आणि हा संकोच फक्त मुसलमानांचा नव्हता. १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी मृतदेहावर सुरी चालवली, तेव्हा मृतदेहाला शिवल्याने धर्म बुडतो, या समजुतीला तो मोठाच धक्का होता.

विसाव्या शतकात उलेमांनीही या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. मक्केतील राबिता अल-आलम अल-इस्लामीच्या फिक्ह अकादमीने १९८७ मध्ये गुन्ह्याचा तपास, रोगाचा तपास आणि वैद्यकीय शिक्षण या तीन कारणांसाठी अटींसह शवविच्छेदनाला मान्यता दिली. गरज असेल तर करा, गरजेपुरतेच करा, हा त्या निर्णयाचा गाभा आहे. म्हणजे ‘इस्लाममध्ये पोस्टमार्टेम हरामच आहे’ असे सरसकट सांगणे धर्मशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की गरज किती आणि कमीत कमी इजा कशी करायची. इथे सीटी स्कॅन कामाला येतो.

सावलीतून छेदाकडे

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि माणसाला पहिल्यांदा कातडीखालचे हाड न कापता दिसले. पण एक्स-रे ही शेवटी सावली असते. समोरचे, मागचे, मधले सगळे एकमेकांवर चढून एकाच कागदावर येते. हाड मोडले असेल तर कळते, मेंदूत गाठ असेल तर कळत नाही, कारण मेंदू कवटीच्या सावलीत बुडून जातो.

मग मेंदू पाहायचा कसा? अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१९ मध्ये एक पद्धत आणली. पाठीच्या कण्यातून द्रव काढायचा, त्या जागी हवा भरायची आणि रुग्णाला फिरवत एक्स-रे घ्यायचे. हवेमुळे मेंदूतल्या पोकळ्यांचा आकार उमटे आणि त्यावरून गाठ कुठे असावी याचा अंदाज बांधला जाई. रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या होत. पन्नासएक वर्षे जगभर हेच चालले.

या छळाला कंटाळलेल्यांपैकी एक होते लॉस एंजेलिसचे मेंदूरोगतज्ज्ञ विल्यम ओल्डनडॉर्फ. त्यांनी प्लास्टिकच्या ठोकळ्यात खिळे रोवून, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांवरून तो सरकवत आणि फिरवत दाखवून दिले, की बाहेरून किरण सोडून आतल्या एकेका खिळ्याची जागा ओळखता येते. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. एका यंत्र कंपनीने उत्तर दिले, की डोक्याचा नुसता आडवा छेद दाखवणाऱ्या इतक्या महागड्या यंत्राला गिऱ्हाईक मिळेल असे वाटत नाही.

सीटीचे तत्त्व समजून घ्यायला मोठे गणित लागत नाही. चार घरांचा एक चौकोन कल्पा, वर दोन घरे, खाली दोन. प्रत्येक घरात एक आकडा लपला आहे. तुम्हाला फक्त बेरजा सांगितल्या : वरच्या ओळीची ७, खालच्या ओळीची ११, डाव्या स्तंभाची ८, उजव्याची १०. एवढ्यावर एकच उत्तर निघत नाही. पण डावीकडून तिरकी बेरीज १३ आहे, असे कळले की कोडे सुटते : वर ५ आणि २, खाली ३ आणि ८. शरीरातून आरपार जाणारा क्ष-किरण अशीच एक बेरीज घेऊन बाहेर पडतो, वाटेत त्याला एकूण किती अडथळा झाला याची. पुरेशा दिशांनी पुरेशा बेरजा घेतल्या तर आतल्या प्रत्येक घराचा आकडा काढता येतो, आणि आकड्याला रंगाची छटा दिली की छेदाचे चित्र तयार होते.

या कोड्याचे शुद्ध गणिती उत्तर योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच दिले होते. त्याचा वैद्यकाशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नाही. १९५६ मध्ये केप टाउनच्या ग्रूटे स्क्युर रुग्णालयात अॅलन कॉरमॅक नावाचा पदार्थविज्ञानाचा तरुण अध्यापक आठवड्यातला दीड दिवस काम करू लागला. किरणोत्सर्गी पदार्थांच्या वापरावर भौतिकीतज्ज्ञाची देखरेख हवी, असा तिथला कायदा होता, म्हणून त्याला बोलावले होते. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा ठरवताना शरीरातले हाड, मांस, हवा यांतला फरक कोणी धरतच नाही, हे त्याला खटकले. राडोनचे काम माहीत नसताना त्याने तेच गणित स्वतः सोडवले आणि १९६३ व १९६४ मध्ये छापले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. लेखाची प्रत मागणाऱ्या मोजक्यांत स्वित्झर्लंडची हिमस्खलन संशोधन संस्था होती. त्यांना बर्फाच्या थरांच्या आत पाहायचे होते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर कोणत्याही वैद्यकीय यंत्राचा विषय निघाला, की ‘हे तर इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वीच शोधले’ असा मजकूर फिरू लागतो. इब्न अल-हैसम यांचे प्रकाशावरचे काम खरोखर थोर आहे. पण त्यांचा विषय दिसणारा प्रकाश होता. क्ष-किरण किंवा छेदचित्राचे गणित त्यांचे नाही. सीटीच्या संगणकात जी रीत चालते तिला अल्गोरिदम म्हणतात आणि हा शब्द मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, हे खरे आहे. तेवढा वारसा अभिमानाने सांगावा. त्यापुढे जाऊन कॉरमॅक आणि राडोनचे श्रेय आपल्या खात्यावर जमा केले, तर अब्दुल लतीफ यांनी जबड्याच्या हाडाबाबत जो काटेकोरपणा दाखवला, त्याचाच आपण अपमान करतो.

पदवी नसलेला इंजिनिअर

गॉडफ्री हाउन्सफील्ड इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत बेताचा. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात रडार शिकला, नंतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. ईएमआय कंपनीत त्याने ब्रिटनच्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर संगणकांपैकी एक, एमिडेक ११००, उभा करणाऱ्या गटाचे नेतृत्व केले. १९६७ मध्ये त्याच्या डोक्यात आले, की बंद पेटीत काय आहे ते पेटी न उघडता, सगळ्या बाजूंनी किरण सोडून आणि संगणकाला हिशेब करायला लावून ओळखता येईल. कॉरमॅकचे लेख त्याने वाचलेले नव्हते.

पहिले यंत्र जुन्या लेथच्या सांगाड्यावर बसवले होते. किरणांसाठी अमेरिसियम हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. एका छेदासाठी सुमारे २८,००० मोजमापे घ्यायला ९ दिवस लागले आणि मोठ्या संगणकाने उत्तर काढायला अडीच तास. क्ष-किरणांची नळी बसवल्यावर ९ दिवसांचे ९ तास झाले. खाटकाकडून जनावरांचे मेंदू आणून त्यांवर प्रयोग झाले. विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अॅम्ब्रोज त्याच्या बरोबरीने काम करू लागले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी त्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. ती स्त्री होती. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. मोजमापे चुंबकीय फितीवर भरून संगणकाकडे पाठवावी लागली. चित्र आडवे ८० आणि उभे ८० घरांचे, आजच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे अगदीच ओबडधोबड. पण त्यात गाठेची काळसर गोल जागा स्पष्ट दिसत होती आणि शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडली. हवा भरलेली नव्हती, कवटीला छिद्र पाडलेले नव्हते.

१९७९ मध्ये कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. सीटीतल्या घनतेच्या मापाला आज हाउन्सफील्डचेच नाव आहे : पाणी शून्य, हवा उणे १०००, कठीण हाड साधारण अधिक १०००. रेडिओलॉजिस्ट रक्त, पू, चरबी ओळखतो तो याच आकड्यांच्या आधारे.

बीटल्सच्या गाण्यांच्या तबकड्या ईएमआयने विकल्या आणि त्या पैशातून सीटी स्कॅन जन्मला, ही कथा खूप लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात या संशोधनाचा मोठा खर्च ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्याने उचलला होता. हे यंत्र सार्वजनिक पैशातून उभे राहिले, ही गोष्ट शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.

यंत्र शवागारात पोहोचते

मृतांसाठी या यंत्राने काय बदलले, याचे ठळक उदाहरण तूतनखामूनचे आहे. १९२५ मध्ये त्याच्या ममीची तपासणी झाली तेव्हा देह राळेने पेटीला चिकटला होता. तो काढताना डोके धडापासून वेगळे केले गेले, हातपाय सांध्यांतून सुटे केले गेले. ५ जानेवारी २००५ रोजी त्याच देहाचा सीटी स्कॅन झाला. काही मिनिटांत सुमारे १,७०० चित्रे मिळाली. डोक्यावर घाव घालून त्याचा खून झाला, या जुन्या तर्काला आधार नाही, हे त्यातून दिसले आणि मांडीच्या हाडाचा गुडघ्याजवळचा अस्थिभंग लक्षात आला. आधी ऐंशी वर्षांपूर्वी तुकडे करून जे कळले नव्हते, ते आता हात न लावता कळले.

न्यायवैद्यकात ही पद्धत शिस्तीने आणली ती स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाने. रिचर्ड डर्नहोफर आणि मायकेल थाली यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘व्हर्टोप्सी’ नावाने हे काम सुरू केले. त्यांचा हेतू धार्मिक नव्हता. नोंद अचूक आणि कायम राहावी, गोळीचा मार्ग किंवा हाडांचे तडे त्रिमितीत पाहता यावेत, हा होता.

धर्माच्या बाजूने पहिला दबाव आला तो ब्रिटनमध्ये, आणि तो मुसलमानांकडून नव्हे. मँचेस्टरच्या ज्यू समाजाने १९९७ मध्ये शवविच्छेदनाऐवजी एमआरआय तपासणीची सोय मिळवली. देह अखंड ठेवणे आणि दफन लवकर करणे या दोन्ही बाबतींत ज्यू आणि मुस्लीम रीत सारखीच आहे. मुस्लीम संस्थांनी पुढे हाच मार्ग धरला. ब्रिटनमध्ये अचानक मृत्यूचा तपास कॉरोनर करतो. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते. शवविच्छेदन करायचे की नाही, हे कॉरोनर ठरवतो. २०१५ मध्ये एका ज्यू कुटुंबाच्या दाव्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्कॅनसारखा पर्याय वाजवी असेल तर कॉरोनरने त्याचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. २०१८ मध्ये दफनाच्या घाईसाठी धर्माच्या कारणाने कोणाचेच प्रकरण आधी घ्यायचे नाही, हे एका कॉरोनरचे धोरण न्यायालयाने बेकायदा ठरवले. तो दावाही ज्यू दफन संस्थेने आणला होता. फायदा मुसलमानांनाही झाला.

पण पर्याय मिळाला तरी पैशाचा प्रश्न राहिला. २०१३ मध्ये शेफिल्डमध्ये खासगी ‘डिजिटल ऑटोप्सी’ केंद्र सुरू झाले, तिथे कुटुंबाला सुमारे ५०० पौंड मोजावे लागत. म्हणजे देहाचा मान ज्याला परवडेल त्याला. लँकशायरमध्ये वेगळा रस्ता निघाला. ब्लॅकबर्न, प्रेस्टन या भागांत भरूच-सुरतकडून गेलेली हजारो मुस्लीम कुटुंबे आहेत. तिथल्या कॉरोनरने २०१८ पासून प्रेस्टनच्या सरकारी रुग्णालयात सीटीची सोय केली, कुटुंबाला शुल्क न लावता आणि सर्व धर्मांच्या मृतांसाठी. कोणा एका समाजाला दिलेली सवलत, असे तिचे स्वरूप राहिले नाही. ती तपासाची नेहमीची पहिली पायरी झाली. चिरफाड कोणालाच नको असते, हे तिथे सहज सिद्ध झाले.

यंत्राला काय दिसत नाही

आता दुसरी बाजू. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा ब्रिटिश अभ्यास आला. १८२ मृतदेहांचे आधी सीटी आणि एमआरआय केले, मग नेहमीचे शवविच्छेदन. मृत्यूच्या कारणाबाबत सीटी आणि शवविच्छेदन यांच्यात ३२ टक्के प्रकरणांत मोठी तफावत निघाली. हृदयविकाराचा झटका, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, न्यूमोनिया, पोटातले काही बिघाड नुसत्या सीटीत निसटत होते. २०१७ मध्ये लेस्टरच्या गटाने मृतदेहाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत छोट्या छेदातून रंगद्रव्य सोडून सीटी केले, तेव्हा सुमारे ९२ टक्के प्रकरणांत कारण सांगता आले. सुधारणा मोठी आहे, पण शंभर टक्के नाही.

विषबाधा सीटीला दिसत नाही; त्यासाठी रक्त, लघवी, पोटातला अंश तपासावाच लागतो. काही नमुने सुईने घेता येतात, सगळे नाही. बारीक मुका मार, कातडीवरचे वळ डोळ्यांनीच पाहावे लागतात. उलट हाडांचे तडे, शरीरात अडकलेली गोळी, छातीत साचलेली हवा, मेंदूतला रक्तस्राव या गोष्टी सीटीत फार स्पष्ट दिसतात. मृताच्या बाबतीत किरणांच्या मात्रेची भीती नसल्याने हवे तितके बारीक छेद घेता येतात. म्हणून स्कॅन आधी, आणि उत्तर मिळाले नाही तरच सुरी, तीही गरजेच्या जागी, असा क्रम शहाणपणाचा ठरतो.

आपल्या शवागारांत

राज्यसभेत डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी न चिरता शवविच्छेदन करण्याच्या तंत्रावर दिल्लीचे एम्स आणि आयसीएमआर काम करत असल्याचे सांगितले. मार्च २०२१ मध्ये एम्समध्ये ती सोय सुरू झाली. म्हणजे भारतात हे होऊ शकते, हा प्रश्न आता उरलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्यासही परवानगी दिली, जिथे पुरेशी सोय आहे तिथे. खून, आत्महत्या, बलात्कार, संशयास्पद आणि कुजलेले मृतदेह सर्वसाधारणपणे त्यातून वगळले. साध्या अपघाताच्या प्रकरणात ‘अंधार पडला, उद्या या’ हे उत्तर आता नियमाच्या नावाखाली देता येऊ नये. हा बदल आपल्या किती लोकांना माहीत आहे?

याच्या जोडीला आपल्या समाजाला एक कडू गोष्ट सांगणे मला भाग आहे. शवविच्छेदन टाळण्याच्या घाईत आपण कधी कधी न्यायच टाळतो. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायदा तपास सक्तीचा करतो, ते उगाच नाही. ‘मय्यतीची बेअब्रू नको’ म्हणत पोलिसांना कळवण्याआधीच दफन उरकले, तर त्या मुलीच्या बाजूने बोलणारा शेवटचा साक्षीदार मातीत जातो. कोठडीतला मृत्यू, जमावाच्या मारहाणीतला मृत्यू यांत तर शवविच्छेदनाचा अहवाल हाच अनेकदा कुटुंबाच्या हाती असलेला एकमेव भक्कम कागद असतो. अशा ठिकाणी ‘पीएम नको’ म्हणणे म्हणजे आरोपीला मदत करणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालच्या तपासात शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागतही नाही, आणि ते योग्यच आहे.

याच ठिकाणी सीटीचा एक फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुरीने एकदा कापलेला देह पुन्हा पहिल्यासारखा तपासता येत नाही. पहिल्या डॉक्टरने जे पाहिले आणि लिहिले तेवढेच उरते. स्कॅनची चित्रे मात्र जशीच्या तशी राहतात. सहा महिन्यांनी शंका आली तर दुसरा तज्ज्ञ तीच चित्रे पुन्हा पाहू शकतो, न्यायालय तिसऱ्याला दाखवू शकते. कबर उघडून देह बाहेर काढण्याची वेळ कमी येते. देहाचा मान आणि सत्याचा शोध एकमेकांच्या आड येण्याऐवजी इथे एकमेकांना मदत करतात.

म्हणून मागणी काय करायची, याचा विचार आपल्या जमातींनी, कब्रस्तान कमिट्यांनी आणि मय्यतीच्या वेळी धावपळ करणाऱ्या कार्यकर्त्यांनी करावा. ‘मुसलमानांना सूट द्या’ ही मागणी अपुरी आहे आणि ती टिकणारही नाही. जिल्हा शवागारात सर्व मृतांसाठी आधी स्कॅन असावा, त्यासाठी जिवंत रुग्णांची रांग अडवणारे यंत्र न वापरता वेगळी सोय असावी, चित्रे जपून ठेवावीत, शुल्क नसावे, स्त्रीचा देह असेल तर स्त्री कर्मचारी असावी, ही मागणी हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती शेजारीही आपल्याबरोबर करतील. सीटी स्कॅन सार्वजनिक पैशातून जन्मला. लँकशायरमध्ये तो सार्वजनिक पैशातूनच सगळ्यांच्या मय्यतीपर्यंत पोहोचला. दर वेळी एकेका घराने एकेका हवालदाराच्या हातापाया पडण्यापेक्षा, आपल्या पालकमंत्र्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना एकत्र सही केलेले एक निवेदन देणे सोपे आहे. निवेदन लिहिताना अब्दुल लतीफ यांचे उदाहरण जरूर द्या, पण त्याबरोबर २०१२ च्या अभ्यासातले ते ३२ टक्केही लिहा, म्हणजे आपण काय मागतो आहोत ते आपल्याला समजले आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.